डासांच्या प्रयोगशाळेतील संगोपनात प्रतिजैविके कधी आणि कशी वापरावीत

डासांची वसाहत नव्याने सांभाळू लागलेल्या माणसाला पहिला मोठा धक्का बहुधा रक्तपानानंतर दोन-तीन दिवसांनी बसतो. आदल्या दिवशी पोटे लाल टम्म करून जाळीवर बसलेल्या माद्या पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेल्या दिसतात, अंडी मिळत नाहीत, आणि कोणीतरी अनुभवी सहकारी सांगतो की साखरपाण्यात जेंटामायसिन हे प्रतिजैविक थोडे घाला. हा सल्ला चुकीचा नसतो. परंतु ते किती घालायचे, किती दिवस द्यायचे, कोणत्या अवस्थेत द्यायचे, आणि दिल्यानंतर त्या डासांवर केलेल्या प्रयोगाचा अर्थ कसा बदलतो, हे त्या एका वाक्यात मावत नाही. या उरलेल्या गोष्टी नवख्यांना क्रमाने समजाव्यात, यासाठी हा लेख आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो. प्रतिजैविक हे प्रौढ डासांच्या साखरपाण्यात, ठरावीक मुदतीसाठी आणि कारण माहीत असताना वापरण्याचे साधन आहे. अळ्यांच्या पाण्यात ते घालणे हा अपवाद असावा, आणि अस्वच्छ ट्रे किंवा जास्त खाद्य यांवरचा उतारा म्हणून तर ते कधीच वापरू नये.

जीवाणू शत्रूच असतात असे नाही

डासाची अळी पाण्यातले सूक्ष्मजीव गाळून आणि खरवडून खाते. तिच्या आतड्यातले जीवाणू मुख्यतः त्या पाण्यातूनच आलेले असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अंड्यांचा पृष्ठभाग निर्जंतुक करून पूर्णपणे जंतुरहित पाण्यात वाढवलेल्या एडीस इजिप्तीच्या अळ्या, निर्जंतुक केलेले नेहमीचे खाद्य मिळूनही, पहिल्या अवस्थेतच थांबल्या आणि मेल्या. पाण्यात एश्चेरिशिया कोलायसारखा एखादा साधा जिवंत जीवाणू सोडल्यावर मात्र त्या वाढून प्रौढ झाल्या. पुढे विशेष पोषक खाद्य वापरून जंतुरहित एडीस वाढवण्याच्या पद्धती निघाल्या, आणि जीवाणूंकडून अळीला मिळणाऱ्या गोष्टींत रायबोफ्लेविनसारखी ब गटातील जीवनसत्त्वे महत्त्वाची आहेत हेही स्पष्ट झाले. ॲनोफिलीस स्टीफेन्सायच्या अळ्यांना रिफाम्पिसिन हे प्रतिजैविक दिल्यावर त्यांची वाढ लांबली, आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा असाया हा सहजीवी जीवाणू पाण्यात सोडल्यावर ती पुन्हा पूर्वपदावर आली, हा प्रयोगही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तात्पर्य असे की अळ्यांच्या ट्रेमध्ये जोरदार प्रतिजैविक ओतणारा माणूस नकळत त्यांचे अन्न काढून घेत असतो.

प्रौढावस्थेत चित्र वेगळे असते. कोषातून बाहेर पडताना डासाच्या आतड्याची जणू नव्याने बांधणी होते. अळीचे जुने आतडे, त्यातल्या बऱ्याचशा जीवाणूंसह, विशिष्ट आवरणात गुंडाळले जाऊन बाहेर टाकले जाते. त्यामुळे नुकत्याच निघालेल्या प्रौढाच्या आतड्यात जीवाणू फार थोडे असतात. नंतर तो ज्या पाण्यातून निघाला ते पाणी पितो, साखरपाणी पितो, आणि जीवाणू पुन्हा वस्ती करतात. मादीने रक्त प्यायल्यावर त्यांची संख्या एक-दोन दिवसांत शेकडो पटींनी वाढू शकते, कारण उबदार, प्रथिनयुक्त रक्त हे त्यांच्यासाठी उत्तम खाद्य असते. त्यात एखादी घातक जात असेल तर माद्या रक्तपानानंतरच का मरतात, याचा उलगडा येथे होतो. उपचाराची योग्य वेळही येथूनच ठरते: प्रौढ निघाल्याच्या पहिल्या दिवसापासून रक्तपानापर्यंत.

पहिली पायरी: मरण्याचे कारण शोधावे

प्रतिजैविकाची बाटली उघडण्याआधी दोन दिवस निरीक्षणाला द्यावेत. पुष्कळदा औषधाची गरजच उरत नाही.

अळ्यांचे पाणी दुधासारखे पांढरट झाले असेल, त्याला कुजका वास येत असेल आणि पृष्ठभागावर तेलकट साय धरली असेल, तर खाद्य जास्त पडते आहे. ॲनोफिलीसच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर पडून श्वास घेतात आणि तेथूनच खातात. त्यामुळे त्या सायीखाली त्या गुदमरतात. येथे उपाय म्हणजे खाद्य निम्मे करणे, साय स्वच्छ टिश्यू पेपरने उचलून घेणे आणि अळ्या ताज्या पाण्यात हलवणे. साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब ट्रेमध्ये २०० ते ३०० पेक्षा जास्त अळ्या ठेवू नयेत, ॲनोफिलीससाठी पाण्याची खोली एक-दोन सेंटिमीटरच असावी, तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि प्रौढांच्या खोलीतील आर्द्रता ७० ते ८० टक्के असावी. हे आकडे पाळले जात नसतील तर आधी ते दुरुस्त करावेत. गर्दीत वाढलेल्या, अशक्त, लहान माद्या कोणत्याही प्रतिजैविकाने धडधाकट होत नाहीत.

अळ्या अपारदर्शक, पांढुरक्या दिसत असतील तर मायक्रोस्पोरिडिया या परजीवींचा संशय घ्यावा. अळीच्या अंगावर घंटेसारखे, देठावर हलणारे जीव सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तर ते व्होर्टिसेला आहेत. साखरपाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यावर काळी किंवा हिरवी लव दिसली तर ती बुरशी आहे. या तिन्हींवर जेंटामायसिन किंवा पेनिसिलिन काहीही करत नाही. उलट जीवाणूंची स्पर्धा कमी झाल्याने बुरशीला मोकळे रान मिळते.

बोळ्यावर किंवा मेलेल्या डासांच्या अंगावर गुलाबी-लाल छटा आली तर सेराशिया मार्सेसेन्सचा विचार करावा. हा जीवाणू प्रयोगशाळेतील वसाहतींमध्ये माद्यांच्या सामूहिक मृत्यूचे परिचित कारण आहे. मात्र त्याचे सगळेच वाण रंग तयार करत नाहीत, त्यामुळे लाल रंग न दिसणे म्हणजे तो नसणे असे समजू नये. दुसरे नाव लक्षात ठेवायचे ते एलिझाबेथकिंगिया. एलिझाबेथकिंगिया ॲनोफेलिस ही जात ॲनोफिलीस गॅम्बियाच्या आतड्यातून मिळालेल्या जीवाणूवरून २०११ मध्ये वर्णिली गेली. ती पेनिसिलिन गटातील बहुतेक औषधांना निसर्गतःच दाद देत नाही आणि इतर अनेक औषधांनाही पुरून उरते. माणसांतही तिचे गंभीर संसर्ग झालेले आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात तिची साथ नोंदली गेली. म्हणून मेलेले डास हाताळताना हातमोजे घालावेत, आणि तोंडाने ओढण्याचा ॲस्पिरेटर, म्हणजे डास पकडण्याची नळी, वापरण्याची जुनी सवय सोडून द्यावी.

कारण नक्की करण्यासाठी ताज्या मेलेल्या किंवा मरू घातलेल्या दहाएक माद्या घ्याव्यात. ७० टक्के इथेनॉलमध्ये त्या मिनिटभर बुडवाव्यात, निर्जंतुक बफरमध्ये दोन-तीनदा धुवाव्यात, चिरडून त्या द्रावणाचे दहापटीने क्रमशः पातळ नमुने करावेत आणि एलबी आगर या जीवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर पसरवून २८ ते ३० अंशांना ४८ तास ठेवावेत. निरोगी दिसणाऱ्या तितक्याच माद्यांवरही तेच करावे. आगरवर जीवाणूंची एकच प्रकारची वसाहत मेलेल्या माद्यांमध्ये भरभरून आणि निरोगी माद्यांमध्ये तुरळक दिसली तर तो खरा संशयित आहे. त्या जीवाणूवर म्यूलर-हिंटन आगरवरील औषधी चकत्यांची साधी संवेदनशीलता चाचणी करावी, म्हणजे कोणते औषध त्याला रोखते ते कळते. एका दिवसाचे काम आहे, पण त्यामुळे निरुपयोगी औषध महिनाभर देत राहण्याची वेळ टळते.

मी स्वतः सुरुवातीच्या काळात ही चाचणी न करता सलग तीन पिढ्यांना पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन देत राहिलो होतो. माद्या मरतच राहिल्या. शेवटी दोष निघाला तो कापसाचे बोळे चार-चार दिवस न बदलण्याच्या माझ्या पद्धतीत.

दुसरी पायरी: औषधाविना होणारी स्वच्छता

साखरपाणी म्हणजे १० टक्के सुक्रोज. ते ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) लहान बाटल्यांत भरून ठेवावे, आणि एकदा उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरू नये. बोळे ऑटोक्लेव्ह केलेले असावेत आणि दर २४ तासांनी, फार तर ४८ तासांनी बदलावेत. मेलेले डास रोज काढावेत. कोष उचलताना ट्रेमधले गढूळ पाणी त्यांच्याबरोबर पिंजऱ्यात जाते, आणि निघालेला प्रौढ पहिला घोट त्याच पाण्याचा घेतो. म्हणून कोष गाळणीत घेऊन निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवावेत आणि स्वच्छ पाण्याच्या वाटीत ठेवावेत. या एका कृतीने पिंजऱ्यातील मृत्यू जितके कमी होतात तितके नवख्यांना अपेक्षितही नसतात.

अंडी धुणे ही पुढची गोष्ट. एडीसची कागदावर वाळवलेली अंडी चिवट असतात. ती ७० टक्के इथेनॉलमध्ये पाच मिनिटे, मग ३ टक्के ब्लीचमध्ये तीन ते पाच मिनिटे, पुन्हा इथेनॉलमध्ये पाच मिनिटे आणि शेवटी निर्जंतुक पाण्यात तीनदा, अशी धुता येतात. ॲनोफिलीसची अंडी नाजूक असतात; त्यांना सुमारे १ टक्का हायपोक्लोराइट थोडाच वेळ द्यावे आणि भरपूर पाण्याने धुवावे, तेही आधी शंभरेक अंड्यांवर उबवण तपासून. या धुण्याने पृष्ठभागावरचे जंतू जातात. अंड्याच्या आत असलेले वोल्बाकिया (डासाच्या पेशींत राहणारा जीवाणू) किंवा मायक्रोस्पोरिडिया यांना त्याचा स्पर्शही होत नाही.

एवढे करून एक पूर्ण पिढी वाढवावी. मृत्यू तरीही थांबले नाहीत, किंवा प्रयोगासाठीच आतड्यातील जीवाणू कमी करणे आवश्यक असेल, तर पुढे जावे.

तिसरी पायरी: औषधाची निवड

निवड केवळ कोणते औषध जीवाणू मारते यावर अवलंबून नसते. ते डासाचे आणि आपल्या प्रयोगाचे आणखी काय करते हेही पाहावे लागते.

जेंटामायसिन हे प्रौढ ॲनोफिलीसच्या साखरपाण्यासाठी बऱ्याच काळापासून वापरात आहे. ते पाण्यात सहज विरघळते, उष्णता सोसते आणि साखरपाण्यात टिकते. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन यांची जोडी त्याच्यासोबत पुष्कळदा दिली जाते, म्हणजे जीवाणूंचे ग्रॅम-धन आणि ग्रॅम-ऋण असे दोन्ही मुख्य प्रकार आटोक्यात येतात. पेनिसिलिन आणि ॲम्पिसिलिन पाण्यात काही दिवसांत निकामी होतात, त्यामुळे ते द्रावण रोज ताजे करावे लागते. एक सावधगिरी येथे महत्त्वाची आहे: वसाहतीत एलिझाबेथकिंगिया असेल तर ही तिन्ही औषधे मिळून तिच्या प्रतिस्पर्ध्यांना हटवतात आणि तिचा मार्ग मोकळा करतात. संवेदनशीलता चाचणीवर मी इतका भर देतो तो याचसाठी.

टेट्रासायक्लिन गट वेगळ्या कामाचा आहे. तो पेशीच्या आत शिरतो, म्हणून पेशीत राहणाऱ्या वोल्बाकियाला काढून टाकण्यासाठी तोच वापरतात. वोल्बाकिया हा जीवाणू १९२४ मध्ये क्युलेक्स पिपियन्समध्ये प्रथम आढळला, आणि १९७१ मध्ये टेट्रासायक्लिन दिलेल्या क्युलेक्समध्ये काही विशिष्ट नर-मादींच्या संकरातील अंडी न उबण्याचा दोष नाहीसा होतो हे दाखवून त्या दोषाचा संबंध वोल्बाकियाशी जोडला गेला. परंतु टेट्रासायक्लिन डासाच्या स्वतःच्या मायटोकाँड्रियातील प्रथिननिर्मितीलाही बाधा आणते. केवळ माद्यांचे मृत्यू कमी करायचे असतील तर त्याला हात लावू नये. ज्या वसाहतीत वोल्बाकिया मुद्दाम ठेवलेला आहे तेथे तर ते चुकूनही जाता कामा नये. अशा वसाहतीला पाजण्याच्या रक्तातही हे औषध नसावे. रक्त देणाऱ्या प्राण्याला किंवा व्यक्तीला अलीकडे प्रतिजैविके दिली होती का, हे विचारून नोंदवून ठेवावे.

मलेरियाच्या परजीवीवर काम असेल तर आणखी एक बंधन येते. टेट्रासायक्लिन, डॉक्सीसायक्लिन, क्लिंडामायसिन, ॲझिथ्रोमायसिन ही औषधे प्लाझ्मोडियमच्या ॲपिकोप्लास्ट या अंगकावर परिणाम करतात, म्हणजेच ती परजीवीलाच दुबळे करतात. तेथे ती वर्ज्य समजावीत.

चौथी पायरी: मात्रा आणि द्रावण

साखरपाण्यातील नेहमीच्या मात्रा अशा आहेत: जेंटामायसिन १५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, पेनिसिलिन १० युनिट प्रति मिलिलिटर, स्ट्रेप्टोमायसिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. काही ठिकाणी याच्या काही पट जास्त मात्राही वापरल्या जातात, पण सुरुवात खालच्या टोकाकडून करावी.

एक उदाहरण करून पाहू. १०० मिलिलिटर साखरपाणी हवे आहे आणि जेंटामायसिनचे साठ्याचे द्रावण १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. १०० मिलिलिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने १५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दीड मिलिग्रॅम औषध लागते; म्हणून साठ्यातले ०.१५ मिलिलिटर घ्यावे. पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचे बाजारात मिळणारे साठ्याचे द्रावण बहुधा १०,००० युनिट आणि १०,००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या ताकदीचे असते, त्यातले ०.१ मिलिलिटर पुरते. भुकटीपासून साठा तयार करताना डबीवर लिहिलेली क्षमता पाहावी. एक मिलिग्रॅम जेंटामायसिन सल्फेटमध्ये प्रत्यक्ष औषध त्याहून कमी असते, आणि ही दुरुस्ती विसरणे ही नवख्यांची सर्वात सामान्य चूक आहे.

साखरपाणी आधी ऑटोक्लेव्ह करावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग औषध ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घालावे. जेंटामायसिन उष्णता सोसत असले तरी पेनिसिलिन आणि ॲम्पिसिलिन सोसत नाहीत, त्यामुळे सर्वांसाठी एकच पद्धत ठेवलेली बरी. टेट्रासायक्लिन प्रकाशाने बिघडते. त्याच्या बाटलीला फॉइल गुंडाळावे आणि बोळाही रोज बदलावा. ते कॅल्शियमला धरून बसते, म्हणून कठीण पाण्यात त्याचा जोर कमी होतो. त्याचे हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी असते. जास्त मात्रेच्या द्रावणाचा सामू ७ च्या जवळ आणला नाही तर डास ते प्यायला नाखूश असतात आणि आपल्याला वाटते की औषध विषारी आहे.

साठ्याची द्रावणे लहान भागांत करून उणे २० अंशांना ठेवावीत. एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवू नये.

पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने ती भुकटी तोलू नये. भुकटी तोलताना मास्क आणि हातमोजे सगळ्यांनीच वापरावेत.

पाचवी पायरी: लहान प्रमाणावर चाचणी

संपूर्ण वसाहतीला एकदम औषध देऊ नये. एकाच दिवशी निघालेल्या डासांतून पिंजरे करावेत: नुसत्या साखरपाण्याचे, आणि ५, १५ व ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर जेंटामायसिनचे. प्रत्येक मात्रेसाठी किमान तीन पिंजरे, प्रत्येकात ५० माद्या आणि तितकेच नर असावेत. औषध ज्या द्रवात विरघळवले तो द्रव नुसत्या साखरपाण्यातही तितकाच घालावा, नाहीतर तुलना खोटी ठरते. पिंजऱ्यांवर मात्रा न लिहिता क्रमांक लिहावेत आणि मोजणी दुसऱ्याने करावी. आपल्या हातून आपल्याला हवे तेच मोजले जाते, हे मान्य करायला संकोच नसावा.

मोजायचे काय? रोजचे मृत्यू, निदान १४ दिवस. पाचव्या दिवशी प्रत्येक पिंजऱ्यातील पाच माद्यांच्या आतड्यातील जीवाणूंची संख्या. रक्त पिणाऱ्या माद्यांचे प्रमाण, दर मादीमागे अंडी आणि उबणाऱ्या अंड्यांची टक्केवारी. केवळ जगण्याचे दिवस मोजून थांबू नये, कारण आतड्यातील जीवाणू रक्ताच्या पचनाला मदत करतात. प्रतिजैविके दिलेल्या एडीस इजिप्तीच्या माद्यांमध्ये लाल पेशी फुटण्याचा वेग मंदावला आणि अंडी घटली, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसले आहे. माद्या जास्त जगल्या पण अंडी कमी झाली, तर वसाहत वाढवण्याच्या दृष्टीने आपण काहीच मिळवलेले नसते.

आगरवरची संख्या शून्य आली म्हणजे आतडे जंतुरहित झाले असे नव्हे. कित्येक जीवाणू आगरवर वाढतच नाहीत, आणि आतड्यातले उरलेले औषधही वाढ दाबून ठेवते. शक्य असेल तर सर्व जीवाणूंत असणाऱ्या १६एस आरआरएनए जनुकाची परिमाणात्मक (प्रमाण मोजणारी) पीसीआर करावी आणि ती डासाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाशी ताडून पाहावी.

सहावी पायरी: प्रत्यक्ष उपचार

धुतलेले कोष स्वच्छ पिंजऱ्यात ठेवावेत आणि पहिला प्रौढ निघण्याआधीच औषधयुक्त साखरपाण्याचा बोळा लावावा. उशीर झाला तर जीवाणू आधी बस्तान बसवतात. पिण्यासाठी वेगळे साधे पाणी ठेवू नये, नाहीतर डास औषध टाळून तेच पितात. औषध तीन ते पाच दिवस, रोज ताजे द्यावे. माद्यांना भूक लागावी म्हणून रक्तपानाच्या १२ ते २४ तास आधी साखरपाणी काढून घ्यावे. त्या वेळात खोली कोरडी असेल तर निर्जंतुक पाण्याचा ओला बोळा द्यावा.

रक्तपानानंतर पुन्हा औषध द्यायचे का, हे कारणावर ठरते. सेराशियाने माद्या मरत असतील तर अंडी घालेपर्यंतचे तीन-चार दिवस द्यावे, कारण जीवाणूंची खरी वाढ त्याच दिवसांत होते. केवळ प्रयोगापूर्वी आतडे साफ करण्याचा हेतू असेल तर थांबावे. मलेरियाच्या परजीवीसाठी किंवा विषाणूसाठी डास वापरायचे असतील तर येथे नीट विचार करावा: आतड्यातील जीवाणू कमी झाले की ॲनोफिलीसमध्ये प्लाझ्मोडियमचा संसर्ग जास्त होतो, आणि जंतुरहित केलेल्या एडीसमध्ये डेंग्यूचा विषाणूही जास्त वाढलेला आढळला आहे. प्रयोगशाळेत भरपूर स्पोरोझॉइट (डासातून माणसात जाणारी परजीवीची अवस्था) हवे असतील तर हा फायदाच आहे. मलेरियाच्या स्पोरोझॉइटवर आधारित लशीच्या कामात तर डास जंतुरहित पद्धतीनेच वाढवावे लागतात. मात्र या डासांवरून बाहेरच्या जगातील डासांची रोग पसरवण्याची क्षमता सांगायची असेल तर आकडे फुगलेले निघतील. कीटकनाशकाला होणाऱ्या प्रतिकाराच्या चाचण्यांनाही हेच लागू आहे.

अळ्यांना औषध देण्याचा योग्य प्रसंग म्हणजे ज्या वाणाला ते जनुकीय रचनेनेच लागते तो. टेट्रासायक्लिन नसेल तर अळ्या किंवा कोष मरतात असे एडीस इजिप्तीचे वाण तयार केले गेले आहेत. त्यांच्या अळ्यांच्या पाण्यात सुमारे ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर टेट्रासायक्लिन ठेवतात, म्हणजे एका लिटरला ३० मिलिग्रॅम. असे वाण सांभाळताना औषध विसरलेला एक ट्रे म्हणजे वाया गेलेली एक पिढी. इतर कोणत्याही कारणासाठी अळ्यांना औषध देणे भाग पडलेच तर ते तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत, कमी मात्रेत द्यावे आणि कोष होण्यास लागणारे दिवस नोंदवावेत. एका दिवसापेक्षा जास्त विलंब दिसला तर ते बंद करावे.

वोल्बाकिया काढायचा असेल तर

हे काम सावकाशीचे आहे. एडीस अल्बोपिक्टसच्या प्रौढांना १० टक्के साखरपाण्यातून १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर टेट्रासायक्लिन, सामू ७ ला आणून, देण्याची पद्धत रूढ आहे, आणि ती एकापेक्षा जास्त पिढ्या चालवावी लागते. प्रत्येक पिढीत एकेका मादीची अंडी वेगळी ठेवावीत, मादी मेल्यावर तिची वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जनुकासाठी पीसीआर करावी, आणि नकारात्मक निघालेल्या माद्यांचेच वंश पुढे न्यावेत. डीएनए नीट निघाला होता हे दाखवण्यासाठी त्याच नमुन्यावर डासाच्या जनुकाची पीसीआर असलीच पाहिजे. ती नसेल तर नकारात्मक निकालाला काही अर्थ नाही. औषध थांबवल्यावर किमान दोन पिढ्या औषधाविना वाढवूनच तुलना करावी, म्हणजे मायटोकाँड्रियावरचा परिणाम ओसरतो. त्या दोन पिढ्यांच्या अळ्यांना मूळ वसाहतीच्या ट्रेमधले थोडे पाणी, त्यात एकही अंडे किंवा अळी नाही याची गाळून खात्री करून, द्यावे. म्हणजे आतड्यातील नेहमीचे जीवाणू दोन्ही बाजूंना सारखे होतात आणि दिसणारा फरक वोल्बाकियाचाच आहे असे म्हणता येते.

उरलेले औषध कोठे टाकावे

औषधाचे पाणी, बोळे आणि ट्रेचे पाणी बेसिनमध्ये ओतू नये. सांडपाण्यात थोडे थोडे पोहोचणारे प्रतिजैविक हे प्रतिकारक्षम जीवाणू निवडण्याचे उत्तम साधन आहे, आणि आपल्या वसाहतीतलेच जीवाणू त्यात आधी सापडतात. ऑटोक्लेव्हने डास, अंडी आणि जीवाणू मरतात. जेंटामायसिन मात्र त्यातून सहीसलामत बाहेर येते. म्हणून औषधयुक्त द्रव वेगळ्या, नाव लिहिलेल्या कॅनमध्ये गोळा करून संस्थेच्या रासायनिक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यावा.

औषध बंद कसे करावे

उपचार सुरू करतानाच तो संपण्याची तारीख पिंजऱ्यावर लिहावी, आणि त्याखाली औषधाचे नाव, मात्रा, साठ्याचा क्रमांक आणि पिढीचा क्रमांक. पुढच्या पिढीतील निम्मे डास औषधासह आणि निम्मे औषधाविना, बाकी सर्व स्वच्छता तीच ठेवून, वाढवावेत. दोन्ही अर्ध्या भागांतील माद्यांचे रक्तपानानंतरच्या सात दिवसांतील मृत्यू आणि दर मादीमागील उबलेली अंडी सारखी आली तर औषधाचा बोळा त्याच दिवशी काढावा. फरक राहिला तर पुन्हा मेलेल्या माद्या घेऊन आगरच्या ताटलीकडे वळावे, कारण तेव्हा एकतर जीवाणू औषधाला सरावला आहे, किंवा माद्यांना मारणारी गोष्ट आपण समजत होतो ती नव्हतीच.